फटाके कुठल्या पेठेत?

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलच्या संघांना नावे तालमींची. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार! गोल मारणारा पोरगा शेजारच्याच बोळातला. त्यामुळे शाहू स्टेडियमवरचा गोल अख्ख्या पेठेचा होतो. माझे माहेर शिवाजी पेठेत, सासर मंगळवार पेठेत. म्हणजे हाडवैरच म्हणा ना! लग्नानंतर या दोन पेठांचा पहिला सामना लागला, तेव्हा मी भाकऱ्या थापीत होते. फटाके वाजले, आणि तेही माहेरच्या दिशेने! थोड्या वेळाने हे घरी आले. चेहरा सुतकी. पान वाढले, तर घास उतरेना.

मी म्हटले, "अहो, खेळच तो. एवढे काय मनाला लावून घ्यायचे?"

माझ्याकडे रोखून पाहत हे म्हणाले, "मग तू मघापासून गालातल्या गालात का हसते आहेस?"