पुन्हा तेच सांगतो

आमच्या घरी संध्याकाळी पोकेमॉन लागतं. भाग सुरू झाला की निवेदक सांगतो, ॲश आणि मंडळी आज कुठे निघाली आहेत. नवा पोकेमॉन दिसला की ॲश पोकेडेक्स काढतो आणि ते यंत्र माहिती वाचून दाखवतं. मग जेसी, जेम्स आणि मियाउथ ही टीम रॉकेट येते. पिकाचूला पळवण्याआधी हे तिघे आपली ओळख चक्क यमकात करून देतात. दर वेळी! एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे, हे चोर आहेत हे आता शेजाऱ्यांनाही पाठ झालंय." टीव्हीवरची नजर न काढता मुलगा म्हणाला, "बाबा, कुणीतरी आज पहिल्यांदाच बघत असेल ना."

त्याचं खरं होतं. ही मालिका जपानमध्ये १९९७ साली सुरू झाली आणि ॲश २०२३ पर्यंत तिचा नायक होता, तोही दहा वर्षांचाच. प्रेक्षक मात्र मोठे होऊन निघून जातात आणि त्यांच्या जागी नवे येतात. शिवाय शाळा, क्लास, गेलेली वीज यांमुळे मधले भाग चुकतात ते वेगळेच.

लहान मुलांना पुनरावृत्तीचा कंटाळाही आपल्याइतका येत नाही. १९९६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'ब्लूज क्लूज'मध्ये एकच भाग सलग पाच दिवस दाखवत. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर त्याचा अभ्यास झाला. तोच भाग पुन्हा पुन्हा पाहून मुलांना तो जास्त समजला आणि पडद्यावरून विचारलेल्या प्रश्नांना ती जास्त उत्तरं देऊ लागली.

हे सगळं आठवायला एक कारण घडलं. बाळदम्याचा सात वर्षांचा एक मुलगा दोन वर्षं माझ्याकडे येत होता. पंप कसा घ्यायचा हे मी त्याच्या आईला पहिल्याच दिवशी नीट दाखवलं होतं. पुढे कागदावर फक्त 'औषधं पूर्वीप्रमाणे' एवढंच लिहीत गेलो. एका रात्री आजी त्याला घेऊन आल्या. मुलाला धाप लागलेली, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत होता. नेब्युलायझरने आराम पडल्यावर मी म्हटलं, "आजी, पंप कसा देता ते दाखवा बरं."

त्यांनी पंप हलवला नाही. स्पेसरमध्ये एकामागून एक दोन दाब दिले आणि मुलाने एकच श्वास घेतला. रोज घ्यायचा पंप खोकला थांबल्यावर बंद झाला होता, आणि स्पेसर त्या रोज पुसून लख्ख ठेवत होत्या. मुलाच्या आईला नोकरी लागल्यापासून औषध आजीच देत होत्या. या मालिकेच्या नव्या प्रेक्षक त्या होत्या, आणि मी ओळख करून द्यायची विसरलो होतो. चूक माझीच.

म्हणून इथेही पुन्हा सांगतो, जुन्यांनी कंटाळू नये. पंप हलवा, स्पेसरला लावा, एकच दाब द्या आणि मुलाला पाच-सहा सावकाश श्वास घेऊ द्या. दुसरा दाब हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून. रोजचा पंप मूल खेळत-बागडत असलं तरी चालूच ठेवायचा. तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. त्यात स्टिरॉइड असतं, म्हणून नंतर चूळ भरायची. धाप लागल्यावर घ्यायचा पंप वेगळा. रंगावर विसंबू नका, कंपनीगणिक रंग बदलतो, नाव वाचा. प्लास्टिकचा स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या. कापडाने घासला की त्यात स्थिर विद्युतभार तयार होतो आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटून बसतं. आजींची स्वच्छताच आडवी आली ती अशी.

सगळ्यांना सगळं सांगत बसलो तर बाहेरची रांग ओरडेल, हेही आहे. टीम रॉकेटला अर्धं मिनिट पुरतं. मला दोन लागतात. आणि जुन्या रुग्णाला तेच ऐकवलं की त्याला कधीकधी अपमान वाटतो. त्यावर तोडगा म्हणून आता मी सांगत नाही, त्यांनाच करून दाखवायला सांगतो.

मागच्या आठवड्यात तोच मुलगा आला, या वेळी आत्याबरोबर. मी काही बोलायच्या आत त्याने पंप हलवला आणि तिला म्हणाला, "आत्या, नीट बघ हं. आधी असं हलवायचं."