आमच्या वस्तीवरचा कारवानी

लातूर-सोलापूरकडच्या आमच्या वस्त्यांवर कारवानी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या राहत आलाय. निमुळतं लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट. कानाशेपटीला रेशमी केस असले तर तो पश्मी. पाहुणे विचारायचे, ‘याला खायला घालत नाही का?’ आबा सांगायचे, मागच्या बरगड्या जरा दिसल्याच पाहिजेत, वजन चढलं की तो पळायचा नाही.

आबांच्या तरुणपणी सशांची पारध चाले. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर ती संपली. मला कारवानी भेटला तो राखणदार म्हणून. पण पारध त्याच्या डोळ्यांत आहे. वासापेक्षा हालचालीवर तो सुटतो, आणि सुटला की हाक ऐकत नाही. म्हणून पिल्लू असल्यापासून त्याला कोंबड्या-मांजरांत वाढवायचं आणि रस्त्याकडेला मोकळं सोडायचं नाही.

अनोळखी हात त्याला खपत नाही. तो मान वळवून बाजूला होतो. लोक त्याला माणूसघाणा म्हणतात, मला तो मानी वाटतो. माझी मुलगी त्याच्याच पाठीला धरून उभं राहायला शिकली. ती टेकलेली असली की तो जागचा हलायचा नाही.

त्याचं करणं अवघड नाही. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, अंडं, अधूनमधून मटण. मात्र भरल्या पोटी पळवायचं नाही. खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडला तर काही तासांत जिवावर बेततं. अंगावर चरबी नाही, म्हणून थंडीत गोणपाट हवंच. भूल द्यायची वेळ आली तर जात डॉक्टरांना आधी सांगावी. अशा सडपातळ शिकारी कुत्र्यांना काही औषधांची गुंगी फार वेळ राहते.

मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी याच जातकुळीची जोडी पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली होती. 2005 मध्ये याच कुळीचा मुधोळ हाउंड टपाल तिकिटावरही आला. तरी आज अस्सल पिल्लासाठी गावंच्या गावं पालथी घालावी लागतात. वाटेल त्या कुत्र्याशी झालेल्या संकरानं ही जात पातळ होत चाललीय, याचं मला फार वाईट वाटतं.

साखळीला बांधून ठेवायचा असेल तर कारवानी घेऊ नका. रोज पळायला कुंपणाचं रान देता येत असेल तरच आणा, आणि पिल्लाचे आईबाप स्वतःच्या डोळ्यांनी बघून आणा.