वर्षाचा पास

बडोद्याहून आणंदला रोज जाणे-येणे करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना पास म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. आम्ही त्यांपैकीच एक. आणंदच्या एका बँकेत सव्वीस वर्षे नोकरी केली आणि सव्वीस वर्षे ‘अपडाउन’ केले. तीन मासिक पासांपेक्षा एक त्रैमासिक पास स्वस्त पडतो, हे ज्ञान नोकरीच्या पहिल्याच वर्षी झाले. आणि पास स्वस्त पडावा यासाठी पासवाला हिंडता-फिरता असावा लागतो, हे दुसरे ज्ञान पाठोपाठ झाले. कारण आमचा पहिला त्रैमासिक पास काढला आणि पंधराव्या दिवशी आम्ही काविळीने अंथरूण धरले. पास खुंटीवरच्या सदऱ्यात आणि आम्ही खाटेवर, असे दीड महिना चालले. तेव्हापासून कोणतीही सवलत समोर आली, की आम्ही आधी भागाकार करतो. आमच्या सौ.ना हा भागाकार मुळीच आवडत नाही. पुढील हकीकत त्याच भागाकाराची आहे.

२०२४ च्या मार्चअखेर आम्ही उभयता चिरंजीवांकडे अमेरिकेत, फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे गेलो. सूनबाई तेथील एका रुग्णालयात काम करतात, नातू सहा वर्षांचा. ऑर्लँडोस जाऊन डिस्ने वर्ल्ड न पाहणे म्हणजे पंढरपुरास जाऊन विठोबा न पाहण्यासारखे, असे नातवाचे मत पडले. अर्थात त्याने पंढरपूर पाहिलेले नाही. चिरंजीवांनी आठवडाभराची रजा काढली आणि सर्वांची चार-चार दिवसांची तिकिटे घेतली.

या स्थळाचा पसारा लहान नाही. १ ऑक्टोबर १९७१ रोजी तेथे ‘मॅजिक किंगडम’ हे पहिले उद्यान उघडले. पुढे १९८२ मध्ये ‘एप्कॉट’, १९८९ मध्ये आज ‘हॉलिवूड स्टुडिओज’ म्हणून ओळखले जाणारे उद्यान आणि १९९८ मध्ये ‘ॲनिमल किंगडम’ अशी आणखी तीन झाली. त्याआधीचे डिस्नेलँड कॅलिफोर्नियातील अनाहाइमचे, १९५५ सालचे. त्या काळी खेळागणिक कूपन फाडून द्यावे लागे. कूपनांच्या पुस्तिका असत आणि १९५९ पासून त्यांत ‘ए’ ते ‘ई’ अशा पाच प्रती आल्या. सर्वांत थरारक खेळांना ‘ई’ लागे. ही पद्धत १९८२ मध्ये बंद होऊन दोन्ही ठिकाणी दिवसाचे एकच तिकीट झाले. त्यानंतर वर्षाचे पासही निघाले. कूपन मोजणारा दिवस मोजू लागला आणि दिवस मोजणारा वर्ष मोजू लागला. आम्हांला या बाजारात उतरावे लागले ते या शेवटच्या पायरीवर.

ज्यांची मुले तिकडे आहेत अशा वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून व्यवहाराचा भाग थोडक्यात सांगतो. तिकिटाचे दिवस वापरून संपण्याआधी, अगदी शेवटच्या दिवशीसुद्धा, पाहुण्यांच्या मदतकक्षाच्या खिडकीवर जाऊन त्या तिकिटाचा वर्षाचा पास करून घेता येतो. तिकिटासाठी भरलेली रक्कम पासाच्या किमतीतून वजा होते आणि केवळ फरक भरावा लागतो. तो शेवटचा दिवस मावळला, की तिकीट रद्दी झाले. मग पूर्ण किमतीचा पास घ्यावा. वर्ष मात्र फरक भरल्या दिवसापासून मोजत नाहीत, तिकीट प्रथम वापरले त्या दिवसापासून मोजतात.

पास चार प्रकारचे होते. २०२४ च्या वसंतात सर्वांत स्वस्त ‘पिक्सी डस्ट’ ४३९ डॉलरांचा आणि सर्वांत महाग ‘इन्क्रेडी-पास’ १,४४९ डॉलरांचा होता, कर वेगळा. हे भाव दर वर्षी सरकतात, म्हणून जाताना ताजे विचारून घ्यावेत. मधले दोन पास ‘पायरेट’ आणि ‘सॉर्सरर’. स्वस्त पासावर शनिवार-रविवार आणि सणांचे दिवस बंद. महाग पासावर बंद दिवस नाहीत. शिवाय फ्लोरिडाच्या रहिवाशांना थोडी रक्कम आधी भरून उरलेली बारा बिनव्याजी हप्त्यांत देण्याची सोय होती.

येथवर सर्व सरळ होते. मेख पुढे होती. पिक्सी डस्ट आणि पायरेट हे पास फ्लोरिडाच्या रहिवाशांपुरते. आमच्यासारख्या पाहुण्यांना सर्वांत महाग पास तेवढा खुला. म्हणजे चिरंजीवांना स्वस्त पास मिळत होता, पण आठवड्याचे पाच दिवस त्यांना कचेरीतून सुटका नव्हती. आम्हांला सातही दिवस रविवार होता, तर स्वस्त पास मिळत नव्हता. ज्याला दात आहेत त्याला चणे नाहीत, ही म्हण त्या खिडकीवर लावण्यास हरकत नव्हती.

सूनबाईंना मात्र गुरुवारी सुटी असे. त्यांचा आणि नातवाचा पिक्सी डस्ट पास करावा, हे ठरवण्यास क्षणही लागला नाही. रहिवाशांच्या सवलतीची त्यांची तिकिटे वजा जाता फरक थोडाच राहिला. गाडी उभी करण्याचे २०२४ मध्ये दिवसाला ३० डॉलर पडत, ते पासधारकाला द्यावे लागत नाहीत, आणि एका गाडीत एक पासधारक असला की पुरते. दुकानांत २० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. या सुटीविषयी आमचे मत असे, की नको असलेली वस्तू वीस टक्के सुटीने घेतली तर ऐंशी टक्के नुकसान होते.

प्रश्न राहिला आम्हां दोघांचा. चौथा दिवस ॲनिमल किंगडमचा होता. दुपारी चार वाजता चिरंजीव म्हणाले, “बाबा, तुमचे दोघांचेही पास करून घेऊ. आज केले नाहीत तर साडेपाचशे डॉलरांची दोन्ही तिकिटे वाया जातील.”

आम्ही बागेच्या नकाशामागे भागाकार मांडला. करासह पास सुमारे १,५४० डॉलर. तिकिटाचे सुमारे ५६० वजा. फरक माणशी ९८०. एका दिवसाचे तिकीट उद्यान आणि तारीख पाहून १०९ पासून १८९ पर्यंत. करासह सरासरी १४० धरली. म्हणजे आणखी सात वेळा जाणे झाले तर खर्च फिटला, आठव्या वेळेपासून फायदा. गाडीचे पैसे सूनबाईंच्या पासात एकदा वाचलेच होते. ते आमच्या पासाच्या जमेस पुन्हा धरणे बँकेच्या माणसाला शोभले नसते. आणि चिरंजीवांचे ‘वाया जातील’ हे बोलणेही आम्हांला पटले नाही. चार दिवस पाहून झाले होते. त्या तिकिटांचे मोल पदरात पडले होते. ज्याचा उपभोग झाला ते पैसे वाचवण्यासाठी नवे हजार घालू नयेत.

ऑगस्टअखेर आमचे परतीचे विमान होते. सौ.ना चालण्याची हौस. त्यांच्या सात फेऱ्या सहज होतील असे दिसले. आमचे गुडघे पाहता सात काय, तीनही कठीण होत्या.

“हिचा करून घ्या,” आम्ही चिरंजीवांना सांगितले, “माझा नको.”

“अहो, पण तुम्ही काय करणार?” सौ.नी विचारले.

“घरी वाचत बसेन. हिशेब बघ, माझा पास बसत नाही.”

सौ. काही बोलल्या नाहीत. नातवाने मात्र विचारले, “आजोबांचा पास का नाही?” त्याला आम्ही भागाकार दाखवला. त्याला अजून भागाकार येत नव्हता.

त्यानंतरचे गुरुवार असे जाऊ लागले. मे महिन्यापर्यंत शाळा होती, तेव्हा नातू सुटून आला की तिघे निघत. दिवसाचे तिकीट काढले असते तर दोन तासांसाठी कोण गेले असते? पासाचा खरा उपयोग हाच, की पैसे वसूल करण्याची घाई उरत नाही. एक खेळ पाहावा, बाकावर बसून घरचे थालीपीठ खावे आणि परत यावे. शाळेला सुटी लागल्यावर तिघे सकाळी लवकर जात. सकाळच्या जाण्याला कित्येक दिवशी पासधारकाला आगाऊ नोंद करावी लागे. ती सूनबाई फोनवर करीत. रांग चुकवण्यासाठी ‘लाइटनिंग लेन’चे वेगळे पैसे भरण्याचीही सोय होती. सौ.नी ती कधी घेऊ दिली नाही. आम्हांला वाटले, चला, आमचे अर्थशास्त्र यांना पटू लागले.

आम्ही घरी वहीत नोंदी करीत होतो. तारीख, उद्यान, वाचलेले डॉलर. अकरा फेऱ्या झाल्या. अकरा गुणिले १४०, वजा ९८०. सुमारे साडेपाचशे डॉलरांची निव्वळ बचत. एवढा चोख हिशेब आमच्या नोकरीतही थोडाच जुळला असेल. सायंकाळी नातू आणि आजी घरी येत, काहीतरी आठवून हसत, आणि आम्ही विचारले की “काही नाही, आमचं आहे,” असे नातू म्हणे.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, निघण्याआधीच्या गुरुवारी, आम्ही आमच्याजवळच्या डॉलरांतून एक दिवसाची दोन तिकिटे काढायला सांगितली, चिरंजीवांचे आणि आमचे. कर धरून दोनशे ऐंशीच्या घरात गेली. चिरंजीवांनी रजा काढली आणि आमच्याकडे दोनदा पाहिले.

ॲनिमल किंगडमच्या आशिया विभागात ‘आनंदपूर’ नावाचे एक कल्पित संस्थान उभारले आहे. त्यात कुण्या महाराजांच्या शिकारखान्याचे भग्न अवशेष आहेत आणि त्यांत वाघ फिरतात. गायकवाडांच्या राजधानीत वाढलेल्या माणसाला हे पाहून हसू यावे. एप्रिलात आम्ही हसलोही होतो. या वेळी नातवाने आमचा हात धरला आणि मार्गदर्शक बनून तो पुढे निघाला. “आजोबा, ही आजीची जागा. इथे सावली असते.” “तो वाघ भाऊसाहेब. तो जेवल्यावर झोपतो.” “इथे आजी मला देवमाशाची गोष्ट सांगते.” देवमासा म्हणजे आमच्या कमाटीबागेतील संग्रहालयात ज्याचा प्रचंड सांगाडा आहे तो. पुढे एका खेळाच्या रांगेत पाऊण तास उभे राहिलो. तेवढ्यात त्याने आम्हांला बेचे पाचपर्यंतचे पाढे म्हणून दाखवले, अडखळत पण मराठीत. घरी चार शब्द मराठी बोलायला कंटाळणारे हे पोर! पाढे कुठे शिकलास म्हणून विचारले, तर म्हणाला, “इथेच. लाइनमध्ये दुसरं काय करायचं?”

सौ.नी रांगेचे पैसे का भरू दिले नव्हते, ते तेव्हा उमगले. त्यांनी अर्थशास्त्र शिकले नव्हते. सहा वर्षांच्या मुलाला जागेवर धरून ठेवणारी दुसरी सोय त्यांना साऱ्या अमेरिकेत सापडली नव्हती.

आम्ही आमचा भागाकार पुन्हा मनात तपासला. आकडे बरोबर होते. गुडघ्यांचा अंदाजही बरोबर होता; त्या दिवशीही आम्ही दर शंभर पावलांवर बसत होतो. चूक एवढीच झाली होती, की फेऱ्या मोजताना आम्ही खेळ मोजले. बाकावर बसण्यासाठी गुडघे लागत नाहीत, हे ध्यानी घेतले नव्हते. आम्ही ९८० डॉलर वाचवले हे खरे. त्या अकरा गुरुवारांपैकी एकही आमच्या वाट्याला आला नाही, हेही तितकेच खरे. पुढच्या खेपेस नातू आठ-नऊ वर्षांचा असेल. तेव्हा त्याला रांगेत आजी-आजोबा हवे असतील की मित्र, हे कोणत्या भागाकाराने काढावे?

दुपारी पावसाची जोरदार सर आली. आम्ही पाचही जण एका छपराखाली दाटीवाटीने उभे होतो. वाचकहो, त्या दिवशी आम्ही उणेपुरे दोन खेळ पाहिले. म्हणजे तिकिटाच्या दराने एक खेळ ७० डॉलरांना पडला. असो.

सौ.चा पास एप्रिल २०२५ पर्यंत होता. उरलेले सात-आठ महिने तो बडोद्यात आमच्या कपाटात, आमच्या शेवटच्या रेल्वे पासाशेजारी पडून राहिला आणि तेथेच संपला. वाचकांपैकी कोणी असा प्रसंग आला तर विचारतील, की पास वाढवावा की नाही? आमचा सल्ला असा, की भागाकार अवश्य करावा, तिकिटाचा शेवटचा दिवस हुकवू नये, एकच लाभ दोनदा मोजू नये, आणि घरातल्या ज्या माणसाला सवड आहे त्याचाच पास करावा. मात्र भागाकार करताना भाजक कोणता घेतला, हे घरातल्या दुसऱ्या एखाद्या माणसाला दाखवून घ्यावे.

परत आल्यावर आम्ही ती वही पुरी करायला बसलो. शेवटच्या गुरुवारचे दोनशे ऐंशी डॉलर कोणत्या रकान्यात लिहावे, ते सुचेना. बचतीत बसत नव्हते, आणि नुसता खर्च म्हणवत नव्हते. जागा कोरी ठेवून आम्ही चहाला उठलो. परत येऊन पाहतो तर सौ.नी त्या तारखेपुढे आपल्या अक्षरात लिहून ठेवले होते : ‘आजोबा आले.’