‘उदास’ या शब्दाचा पुरावा

बऱ्याच वर्षांपूर्वी पदव्युत्तर परीक्षेची एक उत्तरपत्रिका तपासताना मी एका शब्दाखाली लाल रेघ ओढली होती. उत्तम व्यवहाराने धन जोडावे आणि ते उदास विचाराने खर्चावे, असे सांगणाऱ्या तुकारामांच्या सुप्रसिद्ध अभंगावर प्रश्न होता. १६३०च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात पत्नी गमावलेल्या, दिवाळे निघालेल्या वाण्याची खिन्नता ‘उदास’ या शब्दातून व्यक्त होते, असे विद्यार्थ्याने लिहिले होते. समासात मी ‘चूक. उदास म्हणजे अनासक्त’ एवढेच लिहिले आणि गुण कापले.

निर्णय बरोबर होता, असे मला आजही वाटते. मात्र तो सिद्ध करण्याचे कष्ट मी घेतले नव्हते, ही रुखरुख राहिली आहे. विद्यार्थ्याने निदान चरित्राचा पुरावा पुढे केला होता. मी केवळ अधिकार वापरला होता.

पुरावा द्यायचा तर कोठून? ‘उद्’ आणि ‘आस्’, म्हणजे अलिप्त बसणे, ही व्युत्पत्ती हाताशी आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात ‘उदासीन’ हे प्रिय भक्ताचे लक्षण सांगितले असून त्याला लागूनच ‘गतव्यथ’ हे विशेषण येते. ज्याची व्यथा सरली, तो खिन्न कसा असेल? तथापि व्युत्पत्ती आणि परंपरा शब्दाच्या शक्यता सांगतात; विशिष्ट ओळीतील अर्थ त्यांनी ठरत नाही. त्यासाठी संहितेकडेच वळावे लागते.

अभंगाच्या अखेरीस ‘आश्रम’ आणि ‘वैराग्य’ हे शब्द येतात. ते पुरेसे ठरावेत. परंतु आजच्या कानाला वैराग्यही खिन्नच वाटते आणि आश्रम म्हणजे संसार सोडलेल्यांचे स्थान. पुरावा म्हणून आणलेला शब्दच पुरावा मागू लागतो! मग मधले चरण पाहावेत. परोपकार, गाईगुरांचे पालन, रानात तहानलेल्याला पाणी, वडिलांची थोरवी वाढवणे ही सारी घरात राहणाऱ्याची कर्मे आहेत. म्हणजे हा आश्रम गृहस्थाश्रम आहे. त्यातले वैराग्य माणसांना न टाळता धनावरची पकड सैल करते, आणि तोच ‘उदास’चा अर्थ होय.

मन्रो बिअर्डस्ली यांनी १९७० मध्ये मार्क एकेन्साइडच्या १७४४च्या काव्यातील ‘प्लॅस्टिक’ या विशेषणाचे उदाहरण दिले आहे. ‘घडवणारा’ हा त्याचा तेव्हाचा अर्थ. पुढे त्याला कृत्रिम पदार्थाचा अर्थ येऊन चिकटला. संहितेचा अर्थ लेखकाच्या मृत्यूनंतरही बदलू शकतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो मान्य केला, तर विद्यार्थ्याची खिन्नताही ग्राह्य धरावी काय? मला तसे वाटत नाही. नवा अर्थ शब्दापाशी येऊ शकतो. पण उरलेल्या चरणांना त्यालाही सामोरे जावे लागते. खिन्न मनाने खर्च करणाऱ्याला उत्तम गती का मिळावी, या प्रश्नाला त्या वाचनापाशी उत्तर नाही.

ती उत्तरपत्रिका पुन्हा हाती आली, तर गुण वाढवीन असे नाही. ‘चूक’ हा शब्द मात्र खोडीन आणि समासात विचारीन : पुढचे चरण या अर्थाला साथ देतात का?