उत्तरेचा उजेड, दक्षिणेतून

4 फेब्रुवारी 1872 हा रविवार होता. त्या दिवशी सूर्य मावळल्यावर काही वेळ मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्राने एक-दोन दिवसांत ही बातमी छापली, आणि एडनकडे जाणाऱ्या समुद्राखालच्या तारेवर त्याच सुमारास संदेश नीट जात नव्हते, हेही नमूद केले. ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा मी मागे जाऊन शहराचे नाव पुन्हा पाहिले. मुंबईच होती. एकोणीस अंशांवरची, दमट हवेची, खाडीच्या वासाची मुंबई.

हल्ली आपल्यातले पुष्कळ लोक नॉर्वेला, आइसलँडला जाऊन हा प्रकाश पाहून येतात. हिरवे पडदे, त्यांची सळसळ, खाली बर्फ. ते सुंदर असते यात शंका नाही. पण मला ओढ लागली ती दुसऱ्या टोकाची. जिथे हा प्रकाश येत नाही असे पुस्तकात लिहिलेले असते, तिथे तो कधी आला, कसा दिसला, कोणी पाहिला, हे शोधण्याचा मला छंदच जडला.

दक्षिणेतून तो लाल दिसतो. याचे कारण समजले तेव्हा मला फार आनंद झाला होता, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. सूर्याकडून आलेल्या वादळामुळे पृथ्वीभोवतीचे चुंबकीय क्षेत्र ढवळून निघते आणि विद्युतभारित कण ध्रुवांच्या भोवतालच्या वातावरणात शिरतात. त्यांच्या धडकेने ऑक्सिजनचे अणू उत्तेजित होतात. तोच अणू दोन रंग देऊ शकतो. हिरवा रंग तो सेकंदभराच्या आत देऊन टाकतो. म्हणून शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरही हिरवा झगमगतो. लाल रंग देण्याआधी मात्र त्याला जवळजवळ दोन मिनिटे थांबावे लागते. खालच्या दाट हवेत एवढा अवसर मिळतच नाही, तेवढ्यात दुसरा कोणी अणू किंवा रेणू येऊन आदळतो आणि ती ऊर्जा प्रकाश न होताच निघून जाते. दोनशे, तीनशे, चारशे किलोमीटर उंचीवर हवा इतकी विरळ असते की आदळायला जवळपास कोणी नसते. तिथेच लाल रंग जन्मतो. जे एकटेपण खाली शक्य नाही, ते वर मिळाले की हा लाल उजेड निघतो.

आता पृथ्वी गोल असल्यामुळे दूरच्या माणसाला पडद्याची खालची हिरवी झालर दिसत नाही. ती क्षितिजाच्या आड राहते. दिसतो तो फक्त माथा. डोंगरापलीकडच्या गावात जत्रा भरावी आणि आपल्याला तिचे दिवे न दिसता आकाशावर चढलेला उजेड तेवढा दिसावा, तसे हे आहे. चारशे किलोमीटर उंचीवरची वस्तू सुमारे सव्वादोन हजार किलोमीटरवरून क्षितिजाला टेकलेली दिसते. म्हणजे 1872 च्या त्या संध्याकाळी मुंबईकरांना तांबूस आकाश दिसले, तेव्हा तो प्रकाश पार समरकंदच्या आसपासच्या आकाशापर्यंत उतरला असला पाहिजे. नकाशावर बोट ठेवून मी हे अंतर मोजते आणि दरवेळी अंगावर काटा येतो.

त्यातून भारताची जागा याबाबतीत फारच गैरसोयीची. हा प्रकाश भौगोलिक ध्रुवाला नाही, चुंबकीय ध्रुवाला धरून असतो, आणि पृथ्वीचा चुंबकीय अक्ष उत्तरेला कॅनडाच्या बाजूला कललेला आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या एखाद्या गावाला जे अधूनमधून दिसते, ते तेवढ्याच अक्षांशावरच्या आपल्या गावाला दिसत नाही. चुंबकीय विषुववृत्त तर आपल्या दक्षिण टोकावरून जाते. 1963 साली थुंब्याला अग्निबाण उडवण्याचे केंद्र झाले ते त्याचसाठी. इतक्या दक्षिणेला असूनही आपल्या जुन्या ग्रंथांत क्षितिज पेटल्यासारखे दिसण्याची दखल आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दिग्दाहावर एक स्वतंत्र अध्यायच आहे. त्यातले सगळे दिग्दाह ध्रुवीय प्रकाशाचे होते असे मी म्हणणार नाही. वणवा, धूळ, संध्याप्रकाश, बरेच काही त्यात असेल. पण दिशा लाल झाली की कोणीतरी वर पाहत होते आणि त्याचे रंग वेगवेगळे मांडत होते, एवढे त्यातून नक्की कळते.

आपल्या काळात ही संधी लडाखच्या वाट्याला आली. हानले इथे, साडेचार हजार मीटर उंचीवर, बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. 2023 साली एप्रिलमध्ये आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये तिथल्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर लाल प्रकाश टिपला. आणि मग आली 10 मे 2024 ची रात्र. ऑक्टोबर 2003 नंतर प्रथमच सर्वांत वरच्या श्रेणीचे चुंबकीय वादळ आले होते. युरोपभर, अमेरिकेत पार फ्लोरिडापर्यंत लोक अंगणात उभे होते. हानलेला मध्यरात्रीनंतर वायव्येच्या बाजूला गडद लाल पट्टा चढला. अभ्यासकांनी त्याला स्थिर लाल कमान म्हटले. तिच्यात कण वरून सरळ आदळत नाहीत. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या विद्युतप्रवाहाची उष्णता उंचावरच्या इलेक्ट्रॉनांपर्यंत झिरपते आणि ऑक्सिजन लाल होतो. उत्तरेतल्या नाचऱ्या पडद्यांपेक्षा ही वेगळी, शांत, सावकाश चालणारी गोष्ट आहे. पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते छायाचित्र पाहिले आणि चहा तसाच राहिला.

त्यानंतर मी हानलेला गेले. लाल काही दिसले नाही. सूर्य शांत होता, आणि तसे होणार हे ठाऊक होते. मला ती जागा पाहायची होती. 2022 पासून तो परिसर संरक्षित काळोखाचा प्रदेश आहे. गावातल्या खिडक्यांना जाड पडदे, बाहेर दिवे नाहीत, गाड्यांच्या दिव्यांवर निर्बंध. गावातल्याच तरुण मुलामुलींना दुर्बीण हाताळायला शिकवले आहे आणि ते पाहुण्यांना आकाश दाखवतात. रात्री मी वायव्येकडे तोंड करून उभी राहिले. काळ्या डोंगराची कड, तिच्यावर तारे. दहा मेच्या रात्री याच कडेवर तो पट्टा उभा होता.

तिथे एक गोष्ट नीट कळली. काळोखात आपण ज्या पेशींनी पाहतो, त्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे फिक्या लाल प्रकाशाखाली उभा असलेला माणूस म्हणतो, थोडेसे राखाडी वाटते आहे खरे. आणि कॅमेरा पंधरा-वीस सेकंद उघडा ठेवला की आकाश रक्तवर्णी निघते. काहीजण यावर नाराज होतात. डोळ्यांनी दिसले नाही, तर पाहिले कसे म्हणायचे, असे विचारतात. मला हा प्रश्न पटत नाही. साधनाने पाहणे हेही पाहणेच आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या कुलाब्याला आहे.

कुलाब्याची वेधशाळा 1826 ची. तिथे 1841 पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात. त्या सुरुवातीच्या वर्षांत आपले केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, प्रोफेसर आर्लिबार यांच्या हाताखाली त्याच वेधशाळेत काम शिकले. काम म्हणजे टांगलेल्या चुंबकाकडे पाहायचे, आकडा घ्यायचा, वहीत लिहायचा, ठरल्या वेळी पुन्हा तेच. रात्री, पावसात, सणाच्या दिवशी. बहुतेक दिवशी आकडा कालच्यासारखाच.

1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडात खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचे चित्र काढत असताना त्यांना डागांच्या जवळ पांढरा लखलखाट दिसला. त्यासोबत सुटलेले वादळ साडेसतरा तासांच्या आसपास पृथ्वीवर पोचले. क्यूबात, हवाईत आकाश लाल झाले; अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. मुंबईत तेव्हा 2 सप्टेंबरची सकाळ होती, अकराचा सुमार, पावसाळ्याचे दिवस. आकाशात पाहण्यासारखे काहीच नव्हते. असते तरी उन्हात दिसले नसते. पण कुलाब्याच्या खोलीत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक कोसळत होता, सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी, आणि समोरचा माणूस आकडे लिहीत होता. 1989 मध्ये क्वेबेक प्रांताची वीज घालवणाऱ्या वादळाचा जागतिक निर्देशांक सहाशेच्या आतच होता. एका जागेची नोंद आणि जागतिक सरासरी यांची सरळ तुलना करता येत नाही, तरी कुलाब्याचा तो आकडा केवढा मोठा आहे हे ध्यानात येते.

या वह्यांचे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी 1846 ते 1905 या साठ वर्षांच्या नोंदी तपासून, मांडून 1910 मध्ये ग्रंथरूपाने छापल्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा तारांतल्या प्रवाहाने मोजमाप बिघडू नये म्हणून चुंबकीय काम अलिबागला हलवले. 1904 पासून काही काळ दोन्ही ठिकाणी बरोबरीने नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांचा नव्यांशी सांधा जुळावा. शहर वाढले म्हणून मोजणे थांबवायचे नाही, मोजण्याला शांत जागा द्यायची, असा निर्णय कोणीतरी घेतला. त्या निर्णयाबद्दल मला अतिशय आदर वाटतो. आणि 2003 साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लखिना व अलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह 1859 ची कुलाब्याची नोंद जगापुढे नव्याने मांडली. आज त्या वादळाचा अभ्यास करणारा कोणीही या नोंदीला टाळून पुढे जात नाही.

म्हणून मला वाटते की दक्षिणेतून पाहणाऱ्यांचे पाहणे कमी प्रतीचे नाही. उत्तरेतल्या लोकांना तो प्रकाश वरचेवर भेटतो. आपल्यापर्यंत तो पोचतो तेव्हा सूर्याकडून आलेले वादळ खरोखर मोठे असते, आणि ते किती मोठे होते हे सांगायला आपल्यासारखी दूरची जागाच उपयोगी पडते.

सूर्यावरच्या डागांच्या चालू चक्राचे शिखर 2024 च्या सुमारास येऊन गेले; पण मोठी वादळे शिखरानंतरही येतात. 2003 चे तसेच होते, 1872 चेही. तेव्हा लडाखात असाल आणि मोठ्या सौरवादळाची बातमी आली, तर त्या रात्री लवकर झोपू नका. उत्तरेकडे मोकळे क्षितिज असेल अशी जागा धरा, दिवे मालवा, डोळ्यांना अर्धा तास काळोखाची सवय होऊ द्या, कॅमेरा स्थिर ठेवून वीस सेकंद उघडा ठेवा. काही दिसले किंवा नाही दिसले, तरी तारीख, वेळ आणि दिशा लिहून ठेवा.