देवळाच्या पेटीचे सूर

यंदा आमच्या मोपा गावच्या भजनी मंडळाची पेटी बेसूर होऊ लागली, तेव्हा नवी घ्यावी की सूर बदलावेत, असा प्रश्न उभा राहिला. पेटीचा सूर म्हणजे एका बाजूने खिळलेली पितळी जीभ. टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. परंतु प्रत्येक घासणीत ती दुबळी होते. एकदोनच बदलले तर जुन्यानव्यांचा नाद जुळत नाही. बदलावयाचे तर सारेच.

पूर्वी जर्मनी व पॅरिसचे सूर वाखाणले जात. आता गुजरातेतील पालिताण्याचे मिळतात. खरी निवड याच्या पुढची. नर-मादीचा जोड तेजस्वी, सभामंडपाबाहेर जाणारा; तरुणांना तोच हवा. खर्ज-नराचा जोड भारदस्त, गात्या गळ्याला खालून आधार देणारा. आमचे मत दुसऱ्याकडे. ध्वनिक्षेपक असताना मोठेपणा पेटीने कशाला आणावा? सप्ताहात अपरात्री थकल्या गळ्याने अभंग उचलणाऱ्या वृद्धाचा आवाज तिनेच झाकला, तर ती साथ कसली?

पेटीची मर्यादा आम्ही जाणतो. मींड निघत नाही, हा तिच्यावरील जुना आक्षेप; १९४० साली आकाशवाणीने तिला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत उघडले नाही. बोरीच्या पं. तुळशीदास बोरकरांनी (१९३४–२०१८) मात्र तिच्यातूनच गायकी ऐकविली. तेवढे आमचे हात कुठले!

अखेर खर्ज-नर बसले. कारागिराने जुने सूर मोडीसाठी मागितले. ते काही आम्ही दिले नाहीत.