मिरचीच्या वासातून

डिसेंबरची पहाट. साडेपाचला नंदुरबारच्या बाहेर पडलो. मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्या अंधारात दिसत नव्हत्या, पण वास आला. तो घसा धरतो, म्हणून वारा तिकडचा असला की मी प्रकाशा गावाच्या रस्त्याला वळतो. चाळिशीत याची फिकीर नव्हती. त्रेसष्टाव्या वर्षी करावी लागते.

माझी तयारी चाललीय मॅरेथॉनची, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची. वयाबरोबर हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा उतरत जाते, स्नायू झिजतात, दमलेले पाय सावरायला जास्त दिवस घेतात. म्हणून आठवड्यात तीनच दिवस धावतो आणि एक दिवस मांड्या-पोटऱ्यांचा व्यायाम. विश्रांती हाही सरावच, हे मला सुजलेल्या गुडघ्याने शिकवलं.

दम लागला की लता करे आठवतात. साठी ओलांडल्यावर नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून त्या बारामतीच्या शर्यतीत नऊवारीत, अनवाणी धावल्या. २०२० मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. माझ्या पायात चांगले बूट आहेत, घरी सगळे धडधाकट आहेत. मग मी कशासाठी थांबायचं?

आणि आपली अस्तंब्याची यात्रा! दिवाळीत अश्वत्थाम्याच्या दर्शनाला सातपुड्याचा तो अंगावर येणारा चढ केस पिकलेली माणसंही चढतात. त्यांनी कधी वेळापत्रक आखलेलं नसतं. वर्षभर डोंगर-शेतात चालणं हीच त्यांची तयारी. मी त्यांच्याकडून शिकतो : चढाला घाई नाही, श्वास तुटू द्यायचा नाही.

आज अठरा किलोमीटर झाले. गुडघा दुखला नाही.